आईला घेऊन युरोपची ग्रुप टूर केली, सोलापूर ते रोम, जसं झालं तसं सांगते

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. परत आल्यावर वेगवेगळ्या कंपन्यांबरोबर जाऊन आलेल्या पाच-सहा जणांशी बोलले आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं थोड्याफार फरकाने तेच निघालं, त्यामुळे एकाचंच नाव घेऊन काय उपयोग. २८ मे २०२५ ला रात्री मुंबईहून निघालो, ९ जूनला मुंबईत परत. पॅरिस तीन रात्री, स्वित्झर्लंड तीन, मग इन्सब्रुक, व्हेनिस, फ्लॉरेन्सच्या बाजूला आणि रोम एकेक रात्र. मी आणि माझी आई, वय ६८, गुडघे कुरकुरणारे पण हौस दांडगी. नवऱ्याला सुट्टी नव्हती, आणि खरं सांगायचं तर आईलाच जायचं होतं, मी सोबत होते.

आधी पैशाचं बोलते कारण सगळे तेच विचारतात. जाहिरातीत माणशी २,६५,००० होते. त्यावर ५ टक्के जीएसटी, आणि त्या सगळ्यावर परत ५ टक्के टीसीएस (आधीच कापून घेतलेला आयकर), म्हणजे हातातनं गेले २ लाख ९२ हजार. आपल्या सोलापुरातल्या त्यांच्या ऑफिसात पहिल्या दिवशी मला हे कुणी सांगितलं नाही, बुकिंगचे पैसे भरल्यावर कागद दिला तेव्हा कळलं. टीसीएस हा खर्च नाहीये, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरलं की वळता होतो किंवा परत मिळतो, पण निघताना खिशातनं जातोच. त्याशिवाय टिप सक्तीची, दिवसाला माणशी ३ युरो, पहिल्याच दिवशी बसमध्ये गोळा केली. युरो तेव्हा ९७-९८ रुपयांच्या आसपास होता. आणि मुंबईपर्यंतचं तुमचं तुम्ही बघायचं. आम्ही रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून गेलो, सकाळी उतरलो आणि विमानतळावर रिपोर्टिंग रात्री, मग दिवसभर डोंबिवलीला मावशीकडे लोळलो. ज्यांना मुंबईत कुणी नाही त्यांनी त्या दिवसाच्या हॉटेलचाही हिशोब धरा.

व्हिसाचं काम मात्र त्यांनी व्यवस्थित केलं, त्यात खोट काढणार नाही. बँक स्टेटमेंट, रिटर्नच्या कॉप्या, रजेचं पत्र सगळी यादी हातात दिली, शेंगेनला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाला, किमान ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो तोही त्यांनीच काढला. आपल्याला फक्त बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जावं लागतं. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने गेलो, संध्याकाळच्या हुतात्माने परत. आता गंमत अशी की आईचे ठसे उमटेनात. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्वारीच्या भाकऱ्या थापलेले हात, आधारच्या वेळी पण हाच तमाशा झालेला. तिथली मुलगी बिचारी ओल्या टिश्यूने बोटं पुसतेय, परत दाबतेय, आई तिला सांगतेय अगं घासून घासून गेले ते, तुला कुठनं मिळायचे. चौथ्या वेळी आले एकदाचे. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर ठशांना वेळ लागेल हे धरूनच परतीचं तिकीट काढा.

आता मुख्य मुद्दा. ग्रुप टूरचं ब्रोशर मराठीत असो की इंग्रजीत, त्यातले चार शब्द वाचायला शिका, मी शिकले नव्हते. कोलोसियम लिहिलंय, लूव्र म्युझियम लिहिलंय, व्हॅटिकन लिहिलंय, आपण समजतो बघायला नेणार. पण त्याच्या मागे बारीक काय लिहिलंय ते बघायचं. 'ड्राइव्ह पास्ट' म्हणजे बस चालत असताना डावीकडे बघा, आता उजवीकडे बघा. 'फोटो स्टॉप' म्हणजे उतरा, फोटो काढा, पंधरा मिनिटांत परत या. 'ओरिएंटेशन टूर' म्हणजे आमचा टूर मॅनेजर तुम्हाला चौकातनं फिरवेल. आणि 'प्रवेश' किंवा 'तिकिटासह' असं लिहिलं असेल तरच आत जायला मिळतं, बाकी काही नाही. लूव्रसमोर काचेच्या पिरॅमिडपाशी आम्ही मोजून वीस मिनिटं होतो. आतल्या मोनालिसाला आमचा नमस्कार बाहेरूनच. कोलोसियमही बाहेरूनच. फ्लॉरेन्समध्ये टेकडीवरच्या चौकात एक डेव्हिडचा पुतळा आहे, हिरवट पडलेला ब्राँझचा, आमच्यातल्या निम्म्या लोकांनी तोच खरा समजून स्टेटस ठेवले. खरा संगमरवरी गॅलरीत आहे, अकादेमियात, त्याचं वेगळं तिकीट. कंपनीने फसवलं असं म्हणता येत नाही, सगळं लिहिलेलं असतंच की, पण बुकिंगच्या टेबलावरचा माणूस "सगळं कव्हर आहे मॅडम" म्हणतो तेव्हा त्याच्या हातात पेन देऊन म्हणायचं, कुठे कुठे आत जायचंय त्यावर टिक कर. मी पुढच्या वेळी हेच करणार.

आपल्याकडे एका दिवसात तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करून येतात ना, कळसाला हात जोडून पुढच्या गाडीत, साधारण तसंच समजा. फक्त इथे मधे आल्प्स येतो.

बसचा विषय मोठा आहे, कारण या टूरमध्ये तुम्ही सगळ्यात जास्त बघता ती बस. ४२ माणसं, ड्रायव्हर पोलंडचा, कमी बोलणारा, इस्त्रीचा शर्ट. रोज सीट रोटेशन, म्हणजे आज तिसऱ्या रांगेत बसला असाल तर उद्या पाचव्या, मागचे पुढे. यावरून भांडणं होणारच, आमच्यात दुसऱ्याच दिवशी नाशिकच्या आणि ठाण्याच्या दोन फॅमिलीत झालं, ते रोमपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. आईला बस लागते म्हणून पुढची सीट मागितली तर टूर मॅनेजर म्हणाला काकू, एकाला दिली की मग सगळ्यांच्याच आईला बस लागते. बरोबर होतं त्याचं. शेवटी एक जोडपं स्वतःहून मागे गेलं.

आणि बार्शीचे काका. प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतात, आमच्यात आमच्याच जिल्ह्याचे निघाले याचं दुःख. पॅरिसहून स्वित्झर्लंडला निघायचं त्या सकाळी बस साडेसातला सुटणार होती, काका आठ वाजून वीस मिनिटांनी आले, त्यांना नाश्त्यात दुसऱ्यांदा कॉफी घ्यायची होती. बरं आल्यावर सॉरी नाही, उलट म्हणतात आमच्याकडे एसटीवाला पण थांबतो की. थांबत असेल. पण तिकडे ड्रायव्हरच्या समोर टॅकोग्राफ म्हणून यंत्र असतं, त्यात त्याचं कार्ड घातलेलं, गाडी किती तास चालवली, किती विश्रांती घेतली सगळं नोंद होतं. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबावंच लागतं, दिवसाला ९ तासांच्या वर गाडी चालवायची नाही, आठवड्यात फक्त दोनदा १० तास चालतात, आणि कामाचा दिवस संपला की रात्रीची सलग विश्रांती द्यावीच लागते. पोलिसांनी पकडलं तर दंड. त्या दिवशी साडेसहाशे किलोमीटरचा पल्ला होता. काकांची पन्नास मिनिटं, त्यात हायवेवर बायकांच्या टॉयलेटची रांग, असं करत करत संध्याकाळी ड्रायव्हरचा दिवस संपत आला आणि वाटेतला लुसर्न शहराचा थांबा उडाला. थेट हॉटेल. दुसऱ्या दिवशी लुसर्न कोंबलं, पंचवीस मिनिटांत तो लाकडी पूल आणि दगडात कोरलेला मरणारा सिंह दोन्ही उरकलं. पुलावर मी अक्षरशः पळत होते, आई काठावर बसली आणि म्हणाली तू ये जाऊन, मी इथनं बघते, दिसतोय की चांगला.

याच हिशोबातली अजून एक गोष्ट, पॅरिसचे दिवे. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. आयफेल टॉवर चमचमतो तो अंधार पडल्यावर, दर तासाला पाच मिनिटं. म्हणजे ते बघायचं तर साडेदहा-अकरापर्यंत थांबायला पाहिजे, आणि सकाळी आठला निघालेल्या ड्रायव्हरला ते शक्यच नाही. म्हणून 'पॅरिस बाय नाइट' ऑप्शनल, वेगळी बस, ४० युरो. आम्ही नाही घेतलं. दिवसा मात्र दुसऱ्या मजल्यापर्यंतचं तिकीट टूरमध्ये होतं, ११६ मीटरवर, तिथून सीन नदी आणि सगळं शहर छान दिसतं, आईला तेवढी उंची पुष्कळ झाली.

जेवण. सकाळी हॉटेलचा नाश्ता, ब्रेड, क्रोसां, थंड दूध, उकडलेली अंडी, जॅमच्या चिमुकल्या डब्या. दुपारी आणि रात्री इंडियन रेस्टॉरंट. सगळीकडे तेच, डाळ, एक पनीर, एक बटाटा किंवा छोले, भात, पापड, गुलाबजाम. तिखट नावाला नाही. चौथ्या दिवशी पनीर बघितलं की डोळ्यात पाणी यायचं आणि ते भावनेने नाही. रात्रीचं जेवण साडेसहाला, बाहेर टळटळीत ऊन, आईला कळेचना की हे दुपारचं की रात्रीचं. जैन जेवण आधी सांगितलं तर देतात, आमच्यातल्या दोघांना रोज मिळत होतं, ते मान्य केलं पाहिजे. ६ जूनला एकादशी होती, आईने राजगिऱ्याचे लाडू आणि भाजलेले शेंगदाणे घरनंच नेले होते, केळी सुपरमार्केटमध्ये मिळाली.

घरचं काय न्यायचं तर आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दुसरं काही नको. कडक भाकरी महिनाभर टिकते, फक्त स्टीलच्या डब्यात न्या, नाहीतर बॅगेत चुरा. चटणी उखळात कुटलेली, तेल सुटणारी, म्हणून दुकानातनं सीलबंद पाकिटं घेतली, सुट्टी पिशवीत नेली तर कपड्यांचं वाटोळं. तूप, पेढे, बर्फी, खवा असलं काही नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मटणाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमवाल्यांनी बॅग उघडली तर टाकून द्यावं लागतं.

आणि या चटणीनेच टिटलिसवर करमणूक केली. टिटलिस म्हणजे स्वित्झर्लंडमधला बर्फाचा डोंगर, एंगेलबर्गवरून केबलकारने जायचं, आधी आठ माणसांची छोटी पेटी, मग शेवटच्या टप्प्याला ती गोल फिरणारी मोठी, रोटेअर. वरचं स्टेशन ३,०२० मीटरवर. आईने साडीवर स्वेटर, त्यावर माझं जॅकेट, माकडटोपी आणि पायात स्पोर्ट शूज. वर पोचल्यावर तिला भूक लागली म्हणून पिशवीत हात घातला आणि दचकून बाहेर काढला, चटणीचं पाकीट उशीसारखं टम्म फुगलेलं. तिला वाटलं खराब झाली, आंबली. एवढ्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब सोलापूरच्या मानाने बराच कमी, आत मात्र सोलापूरचीच हवा भरलेली, म्हणून फुगतं. बार्शीचे काका म्हणाले लांब धरा, फुटेल. आईने टोक दाताने फाडलं, फुस्स झालं, आणि त्या काचेच्या स्टेशनात कुटलेल्या लसणाचा असा वास सुटला की पलीकडच्या टेबलावरचे दोन कोरियन का जपानी पोरं वळून बघायला लागली. मग काय, ४२ लोकांतले पंधरा-सोळा जमा झाले, नाशिक आणि ठाणे पण, एकेक तुकडा भाकरी, वर चटणी. बाहेर बर्फात मग आई दहा मिनिटं होती. ओंजळीत घेऊन बघितलं, म्हणाली हे भुरभुरीत आहे, मला वाटलं फ्रीजसारखं असेल. तो झुलता पूल आहे ना, क्लिफ वॉक, त्यावर मी एकटी जाऊन आले, एक मीटर रुंद, खाली बघितलं की पोटात गोळा. तेवढ्या अर्ध्या दिवसाचे पैसे मात्र शंभर टक्के वसूल.

हॉटेलं स्वच्छ पण गावाबाहेर. पॅरिसचं हॉटेल विमानतळाच्या बाजूला, व्हेनिसचं समुद्र ओलांडून मेस्त्रेला. संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडलं तर हायवे आणि पेट्रोल पंप. खोलीत पंखा नाही, किटली सगळीकडे असेलच असं नाही, बाथरूममध्ये जेट स्प्रे तर कुठेच नव्हता. प्लास्टिकचा मग बॅगेत टाका, लाजू नका, सगळ्यांच्या बॅगेत असतो. पांघरायला ती जाड गादीसारखी रजई, घेतली तर घाम, काढली तर थंडी. आईने पहिल्या रात्रीच सोलापुरी चादर काढली, मी निघताना तिला म्हणलं होतं कशाला ओझं, ते शब्द दहा रात्री ऐकले. सार्वजनिक टॉयलेटला बऱ्याच ठिकाणी एक-दीड युरो पडतो, सुट्टी नाणी वेगळी ठेवा. पाणी नळाचं प्यायला चालतं, रिकामी बाटली भरत राहा.

आता जिथे मला खरंच राग आला ते. व्हेनिसला बस थेट आत जात नाही, धक्क्यावर सोडते, तिथनं बोटीने सॅन मार्कोच्या चौकाला. गोंडोला, म्हणजे तिथली लांबट होडी, ऑप्शनल होता, माणशी ३० युरो, आधीच बसमध्ये नावं घेतली. तिथे गेल्यावर धक्क्यावर दरपत्रक वाचलं तर महापालिकेचा ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, अख्ख्या गोंडोलाचा, त्यात पाच जण बसतात. पाच त्रिक पंधरा, म्हणजे १५० घेतले. वरचे ६० कुणाचे? विचारलं तर हँडलिंग चार्ज. बरं आपण स्वतः पाच जण जमवून गेलो असतो तर वेळ मिळाला असता का, तर नाही, हेही खरं.

शॉपिंगचंही तसंच. पॅरिसला परफ्यूमचं दुकान, सव्वा तास. लुसर्नला घड्याळं. व्हेनिसला काच फुंकून दाखवतात, दोन मिनिटांत घोडा करतो तो म्हातारा, बघण्यासारखं आहे, पण मग दार दुकानातच उघडतं आणि चाळीस मिनिटं तिथेच. फ्लॉरेन्सला चामड्याचे पट्टे. लूव्रला वीस मिनिटं आणि परफ्यूमला पंच्याहत्तर, हा हिशोब मी टूर मॅनेजरला करून दाखवला, तो हसला फक्त.

रोमला तर कहरच. २०२५ हे कॅथलिक लोकांचं ज्युबिली वर्ष, पंचवीस वर्षांनी येतं, त्यात नवे पोप लिओ चौदावे ८ मे ला निवडून आलेले, आणि आम्ही गेलो त्या रविवारी, ८ जूनला, पेंटेकॉस्टचा सण. सेंट पीटरच्या चौकात पोपची प्रार्थना, रस्ते अडवलेले, माणसांचा समुद्र. आत जायचं कार्यक्रमात होतं, जमलं नाही, लांबूनच घुमट बघितला. आषाढीला पंढरपुरात जाऊन आज गर्दी कशी काय म्हणण्यातला प्रकार. हा सण काल ठरलेला नव्हता, तारीख कॅलेंडरवर असते, वर्षानुवर्षं टूर नेणाऱ्यांना माहीत असायला पाहिजे. व्हॅटिकन आदल्या दिवशी घ्यायचा प्रयत्न तरी करता आला असता, तेव्हा दुपारी आम्ही कुठे होतो, तर बसमध्ये. आईला मात्र त्याचं काही नाही, तिने चौकाच्या कडेला उभं राहून हात जोडले, देव आत असला काय नि बाहेर काय म्हणाली.

टूर मॅनेजर पोरगा मात्र हिरा होता. सांगलीकडचा, तिशीचा पण नसेल, सगळ्यांना काका-काकू-मावशी. एकीचा पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये राहिला, सत्तर किलोमीटर गेल्यावर आठवलं, त्याने फोनवर फोन करून टॅक्सीने मागवला, आवाज चढला नाही. आईच्या गुडघ्याची पट्टी संपली तर रात्री फार्मसी शोधून आणली. त्याला आम्ही सक्तीच्या टिपेशिवाय वेगळं पाकीट दिलं. थोडक्यात टूर चांगली की वाईट हे निम्मं तुमच्या वाट्याला कोण येतो त्यावर, आणि ते बुकिंगच्या वेळी कुणी सांगत नाही.

मी एकटी किंवा नवऱ्याबरोबर असते तर परत अशी जाणार नाही, स्वतः तिकिटं काढून दोन शहरं नीट बघेन. आईला घेऊन मात्र जाईन. तिला बॅग उचलावी लागली नाही, भाषेची भीती नाही, वेळेवर वरणभात, आणि बोलायला बेचाळीस माणसं, त्यातल्या आठ जणींशी ती अजून रोज फोनवर असते. पाचपैकी साडेतीन. जाणारच असाल तर सहल दोन देशांचीच घ्या, दिवस तेवढेच ठेवा.

१० जूनला पहाटेची सिद्धेश्वर सोलापूरला लागली, घरी येऊन अंघोळ केली आणि तशीच वडाला दोरा गुंडाळायला गेले, वटपौर्णिमा होती. फेऱ्या मारताना पण असं वाटत होतं की कुणीतरी मागनं ओरडणार, काकू पाच मिनिटं राहिली.

एक राहिलंच. टीसीएस ज्याच्या पॅनवर कापतात त्यानेच रिटर्न भरायचं असतं. आईला पेन्शन नाही, तिने आयुष्यात रिटर्न भरलेलं नाही, आणि तिचे १३,९१२ तिच्या पॅनवर बसलेत. आता तिला घेऊन सीएकडे जायचंय. ती विचारतेय तिथे पण ठसे घेतात का.